चौऱ्याऐंशी क्यूंची फाइल

चादरताईंनी आयुष्यात स्वतःहून मागितलेली गोष्ट एकच, आणि तीही काय, तर एक शब्द. "गो." भरलेल्या नाट्यगृहात, मागच्या काचेच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून "गो" म्हणायचं आणि समोर अंधार व्हायचा. कुणी घर मागतं, कुणी मूलबाळ मागतं, या बाईने दोन सेकंदांचा अंधार मागितला. तोही मिळू नये, म्हणजे देणाऱ्याची कमालच म्हणायची.

ताईंचं वय त्रेपन्न. नोकरी मोठ्या दवाखान्याच्या तळघरात, चादरींच्या खात्यात. वरच्या सात मजल्यांवरून मळक्या चादरी पत्र्याच्या नळातून धाडकन खाली येतात. त्या निवडायच्या, रक्ताच्या एकीकडे, औषधांच्या दुसरीकडे. धुऊन आलेल्यांची चौपदरी घडी घालून ढकलगाडीत रचायच्या आणि गाडी लिफ्टमध्ये सारायची. सव्वीस वर्षं हेच काम. वरच्या मजल्यांवर सगळ्यांचा समज असा की चादर आपोआप येते, आणि ताईंनीही तो कधी मोडला नाही.

घरी वडील. ते एके काळी गोदामावर मुकादम होते आणि त्यांच्या एका हाकेवर पन्नास माणसं हलायची. सहा वर्षांपूर्वी उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. धाकटी बहीण लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिचा संसार, तिची दोन मुलं. ताईंचं लग्न राहिलं ते राहिलंच. आधी आईचं आजारपण, मग वडिलांचं, मग कुणी विचारायचंच सोडून दिलं.

कॉलेजात त्या गेल्या होत्या शिवणाच्या वर्गासाठी. पालिकेचं कॉलेज ते, दिवसा नोकरी करणाऱ्यांनी संध्याकाळी काहीतरी शिकावं म्हणून काढलेलं. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "शिवण भरलं. नळकाम भरलं. हिशेबलेखन भरलं. नाटकाच्या वर्गात जागाच जागा आहे, टाकू नाव?" आता एक्कावन्न वर्षांची बाई नाटकात काय डोंबल करणार? पण शेजारीणबाई आठवड्यातून दोन संध्याकाळी वडिलांपाशी बसायला तयार झाली होती, आणि एवढ्या मुश्किलीने मिळालेली ती मोकळीक परत करायची ताईंची तयारी नव्हती. "टाका," म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मास्तरांनी प्रत्येकाला रंगमंचावर उभं करून चार वाक्यं बोलायला लावली. ताईंच्या तोंडून शब्द फुटेना. मास्तर जुने नाटकवाले. त्यांनी हसं न करता ताईंना मागच्या काचेच्या खोलीत नेलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि म्हणाले, "इथून फक्त गो म्हणा." ताई पुटपुटल्या, "गो." दिवे सांभाळणाऱ्याने बटण खाली ओढलं आणि अख्खं सभागृह काळंठिक्कर झालं.

ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण बोललो आणि काहीतरी झालं! वडिलांच्या घरात, दवाखान्याच्या तळघरात, पन्नास वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांचा बसचा थांबा चुकला.

मग दोन वर्षं त्यांनी काय काय केलं म्हणता? लाकडी चौकटींवर कापड ताणून भिंती रंगवल्या. तालमीच्या खोलीत जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून दारं-खिडक्या आखल्या. नाटकातल्या वस्तू ठेवायच्या टेबलावर प्रत्येकीची बाह्यरेषा काढली, इथे पेला, इथे चष्मा, इथे पत्र, म्हणजे काळोखात नुसता हात फिरवला तरी काय नाही ते कळावं. चादरींची सव्वीस वर्षं इथे कामी आली. नीटनेटकेपणाला कुठेतरी टाळ्या मिळतात, हे ताईंना नव्यानेच कळत होतं.

दुसऱ्या वर्षी मास्तरांनी त्यांना शेवटच्या नाटकाची रंगमंच-व्यवस्थापक नेमलं. प्रयोग एकच. कारण त्यानंतर वर्गच बंद व्हायचा होता. विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून सभागृहात संगणक बसवायचे ठरले होते. म्हणजे पुढच्या वर्षी बघू, ही पळवाटच नव्हती.

या व्यवस्थापकाचं सगळं बळ म्हणजे त्याची फाइल. डाव्या पानावर संहिता, उजव्या पानावर क्यू, म्हणजे इशारे. कोणत्या वाक्याला कोणता दिवा, कुठे दाराची घंटा, कुठे पडदा. मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "फाइल अशी हवी की उद्या तुम्ही आडव्या झालात आणि रस्त्यावरच्या कुणाच्याही हातात ती दिली, तरी प्रयोग झाला पाहिजे." ताईंनी ते शब्दशः घेतलं. या बाईला काही अर्धवट करताच येत नाही, हाच तिचा रोग. जेवणाच्या सुटीत तळघरात, गरम चादरींच्या ढिगाला टेकून, त्या पेन्सिलीने लिहायच्या. नुसतं 'क्यू बावन्न, दिवा मंद' असं नाही. 'ती पेला खाली ठेवते. पेल्याचा आवाज येतो. एक श्वास. गो.' असे चौऱ्याऐंशी क्यू. चौऱ्याऐंशीवा म्हणजे शेवटचा अंधार. नाटकातली म्हातारी खुर्चीत बसते, दाराकडे बघते, पुन्हा खाली बघते. 'मनात दोन मोजा. गो.' त्या एका ओळीवर ताईंनी इतक्यांदा खोडरबर फिरवलं की कागद विरला.

तालमीत त्या "गो" म्हणाल्या होत्या, नाही असं नाही. पण तालीम ती तालीम. दर दोन मिनिटांनी कुणीतरी थांबवतं, कुणीतरी शिंकतं, आणि शेवटच्या रंगीत तालमीत तर अर्ध्यातच फ्यूज उडाला. समोर तीनशे माणसं श्वास रोखून बसलीत आणि आपल्या एका शब्दावर त्यांच्यावर काळोख पडतोय, हे व्हायचं होतं ते त्या एका संध्याकाळी.

शेजारीणबाई नेमकी गावाला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! ताईंनी धाकटीला गळ घातली. "एक संध्याकाळ, बाई. पाच ते नऊ. आयुष्यात पुन्हा मागणार नाही." धाकटी वाईट नव्हती. दोन्ही मुलं सासूकडे सोडून ती पावणेपाचलाच हजर झाली. म्हणाली, "जा बिनधास्त. मी काय परकी आहे?"

प्रयोग सातला. साडेसहाला ताईंनी टोपली फिरवली. हा नियम मास्तरांचा, पण कडक केला ताईंनी. प्रयोगाआधी अर्धा तास सगळ्यांचे फोन टोपलीत. नटांचे, दिवेवाल्याचे, खुद्द मास्तरांचासुद्धा. ध्वनी सांभाळायला होते पोस्टमन, म्हणजे निवृत्त पोस्टमन, वर्गात वयाने ताईंच्याही वरचे. ते कुरकुरले, "माझी बायको फोन करील हो." ताई म्हणाल्या, "तुमच्या बायकोला दोन तास काही होत नाही." टोपली कपाटात ठेवली, कुलूप लावलं.

आणि स्वतःचा फोन? तो होता साडीच्या घडीत, कमरेशी खोचलेला, आवाज बंद करून. वडील आहेत ना घरी. जिने नियम कडक केला तिनेच मोडला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच.

सातला बारा मिनिटं असताना कमरेशी थरथरलं. धाकटी रडत होती. "ताई, बाबांच्या घशात घास अडकलाय, डोळे पांढरे केलेत गं, मला काही सुधरत नाही, तू ये."

ताईंनी हेडफोन काढला. समोर काचेतून तीनशे खुर्च्या भरताना दिसत होत्या. फाइल उचलून त्यांनी शेजारच्या पोस्टमनच्या मांडीवर ठेवली. "पहिल्या पानापासून. लिहिलंय तसं वाचा, स्वतःचं काही घालू नका." ध्वनीची दोन बटणं मास्तर दाबतील, असंही सांगितलं. मग त्या धावल्या. सहाव्या मिनिटाला टॅक्सीत होत्या.

घरी पोचल्या तेव्हा सात वाजून वीस. बाबा उशीला टेकून बसलेले, चेहरा लालबुंद पण श्वास सरळ. घास केव्हाच उलटून पडला होता. धाकटी अंथरुणाशी बसून डोळे पुसत होती. "तू निघालीस आणि पाचच मिनिटांत बाहेर आला गं. फोन लावला तुला, उचलला नाहीस." नाहीच उचलला. टॅक्सीत ताई दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसल्या होत्या.

तो फोन टोपलीत असता, तर हे सगळं त्यांना प्रयोग संपल्यावर कळलं असतं. धाकटी थोडी रडली असती, घास असाच बाहेर आला असता, आणि नऊला घरी येऊन ताईंनी तिला जवळ घेतलं असतं. यापलीकडे काहीही झालं नसतं.

परत जायचं? पोचेपर्यंत आठला दहा मिनिटं उरली असती. आणि चालू प्रयोगात दुसऱ्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढून घ्यायचा नाही, हे फाइलीच्या पहिल्या पानावर ताईंच्याच अक्षरात होतं. शिवाय बाबा तोंड उघडत नव्हते. धाकटीने चमचा नेला की दात घट्ट. धाकटी हरून म्हणाली, "बघ ना. त्यांना तूच लागतेस. तुझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही."

ताई बसल्या. वाटी घेतली, मऊ भात पुन्हा घोटला. "बाबा, आ करा." बाबांनी तोंड उघडलं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि ताईंना बघितल्यावाचून राहवेना. पावणेआठ, म्हणजे क्यू एकतीस, दाराची घंटा. आठला पाच कमी, म्हणजे पत्र सापडलं, निळा दिवा. एक घास, तोंड पुसायचं, पाण्याचा एक चमचा. साडेआठला दोन मिनिटं कमी असताना चमचा हातात तसाच राहिला. त्या मनात दोन मोजायला लागल्या आणि एकावर थांबल्या. बाबा तोंड उघडून वाट बघत होते.

सोमवारी ताई कॉलेजात गेल्या त्या दवाखान्यातूनच, पायात अजून तळघरातल्या रबरी चपला. नाही म्हटलं तरी मनात एक वेडी आशा होती. कुठेतरी घोळ झाला असेल. घंटा उशिरा वाजली असेल, पडदा अडकला असेल, लोक म्हणतील ताई असत्या तर असं झालं नसतं. वाईट आशा होती ती, ताईंना कळत होतं. पण तीही नको म्हटलं तर त्यांच्यापाशी दुसरं होतं काय?

दारातच पोस्टमन भेटले. हात जोडून म्हणाले, "ताई, मी काही केलं नाही हो. पाकिटावर पत्ता होता, तिथे टाकलं. इतका स्वच्छ पत्ता मी चाळीस वर्षांत पाहिला नाही." बिचारे मनापासून बोलत होते. ताईंना त्यांचा रागही करता येईना.

मास्तरांनी निकाल तयारच ठेवला होता. फाइलीला शंभरपैकी शंभर. प्रयोग-संचालनालाही शंभर. ताई म्हणाल्या, "सर, संचालन मी केलं नाही. मी नव्हते."

"अहो, तेच तर!" मास्तर म्हणाले. "तुम्ही नव्हता आणि कुणाला पत्ताही लागला नाही. नटांनासुद्धा नंतर कळलं. तीस वर्षांत मी कुणाला पुरे मार्क दिले नाहीत. यापेक्षा मोठी पावती काय असते?"

पावती! माणसाने हाडं झिजवून मिळवावी काय, तर आपण नसलो तरी चालतं याची पावती. ज्या घरातून पळून जावंसं वाटतं तिथे त्यांच्यावाचून पान हलत नाही, आणि जिथे एकदा, एकदाच बसायचं होतं, तिथे त्यांच्यावाचून काडीचंही अडलं नाही. ताईंनी निकालाच्या कागदाची चौपदरी घडी घातली. मग म्हणाल्या, "चित्रण केलंय ना? बघू का?"

मास्तरांनी वर्गातल्या पडद्यावर ते लावून दिलं आणि मागच्या बाकावर कागद तपासत बसले. कॅमेरा सभागृहाच्या शेवटच्या रांगेत ठेवलेला. ताई पुढच्या बाकावर, पाठ ताठ, ओठ हलत होते. स्टँडबाय एक, म्हणजे पहिल्या क्यूला तयार राहा. दिवा आला. स्टँडबाय दोन. सगळं वेळेवर. पेला खाली ठेवला, आवाज आला, एक श्वास, आणि दिवा मंद झाला. एखादा क्षणभर उशीर, एखादी घाई त्या शोधत होत्या. एकतीस बरोबर. बावन्न बरोबर. म्हातारी खुर्चीत बसली, दाराकडे बघितलं, खाली बघितलं. एक. दोन. अंधार झाला. तीनशे माणसांपैकी कुणाचाही आवाज नाही, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट की कॅमेऱ्याचा आवाज फाटला.

दिवे आले. नट रांगेत उभे राहिले, वाकले, मग सगळ्यांनी मिळून उजवे हात वर केले, मागच्या काचेच्या खोलीकडे. पडद्यामागच्या माणसांना मानवंदना द्यायची ही रीत. प्रेक्षकही माना वळवून तिकडे टाळ्या वाजवू लागले. पडद्यावर ते हात सरळ ताईंच्या दिशेने आल्यासारखे दिसत होते, आणि ताईंनी मान खाली घातली.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. तेही संपलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मास्तरांनी कागदांतून डोकं वर काढलं.

"काय शोधताय एवढं?"

"चूक."

"नाही सापडायची," मास्तर कौतुकाने म्हणाले. "चुकीला जागाच कुठे ठेवली होतीत तुम्ही?"

ताई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "ठेवायला हवी होती, सर."

मास्तर मोठ्याने हसले. ताईंना विनोद करताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.