वाकलेली हौसिंग

"अगुदर मागून बघू द्या," असं म्हणत मिस्त्री गाडीमागे जाऊन उकिडवे बसत. गिऱ्हाईक स्टिअरिंगची तक्रार सांगत असायचं आणि मिस्त्रींची त्याच्याकडे पाठ.

अहमदपूरला, नांदेड-लातूर रस्त्यावर, त्यांचं गॅरेज होतं. आमच्या रोपवाटिकेच्या दोन पिकअपची देखभाल माझ्याकडे. रोपं वेळेवर पोचायची तर गाडी उभी राहून चालत नाही, म्हणून तिथली माझी फेरी ठरलेली.

तुम्हीही पाहिलं असेल, एखादी जीप रस्त्याने खेकड्यासारखी तिरकी चालते. पुढची चाकं एका वाटेने, मागची दुसऱ्या. लोक पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून घेतात आणि थोड्याच दिवसांत मागचा टायर पुन्हा एका कडेने झिजतो. असं करून आलेल्या एका ड्रायव्हरला मिस्त्री म्हणाले, "ताप पोराला अन् गोळ्या सासूला देऊन राहिला का रं?"

ते आधी दोन्ही बाजूंनी पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर मोजत. एका बाजूला कमी भरलं, तर स्प्रिंगच्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटून ॲक्सल सरकलेला. अंतर सारखं असेल तर जॅक लावून चाक हाताने फिरवत. डुललं तर रिम वाकलेली. न डुलता तिरकंच राहिलं, तर उठून हात पुसत आणि म्हणत, "हौसिंग." म्हणजे मागची दोन्ही चाकं जिच्या टोकांना असतात, ती लोखंडी नळीच वाकलेली.

आमच्या भागात अशी नळी गॅसने लाल करून, जॅकने दाबून सरळ करून देतात. मिस्त्री देत नसत. "तापवलेलं लोखंड मऊ पडतंय, ताई. रिकाम्या गाडीला सरळ दिसतंय, माणसं भरली की पुन्हा तिथंच बसतंय." हौसिंग बदलायची नसेल तर ते गाडी परत पाठवत.

त्यांच्या मुलाने एक जुनी जीप घेतली, शिरूर अनंतपाळच्या बाजूला सीटा भरायला. मिस्त्रींनी ती तपासली तेव्हा मी तिथेच होते. उठले, हात पुसले, बोलले मात्र काही नाहीत.

"सांगा की, अप्पा."

"दुसरी हौसिंग मिळू दे. तवर उभी कर."

"लग्नसराई हाय. उभी करून काय हार घालू का तिला?"

बापलेकांनी नांदेड-लातूरची भंगार दुकानं पालथी घातली. त्या जीपला बसेल अशी हौसिंग मिळेना. मुलगा म्हणाला, दुसऱ्या गॅरेजात तापवून आणतो. तेव्हा मिस्त्रींनी स्वतःच गॅस पेटवला. "दुसऱ्यानं कशीबी करण्यापरीस मीच करतो," एवढंच मला म्हणाले. वरून काळा रंग दिला.

वऱ्हाड घेऊन जाताना जीप वळणावर उलटली. वऱ्हाडी वाचले. मुलगा गेला.

काही आठवड्यांनी मी लातूरला निघाले, तर मिस्त्री येऊन पिकअपमध्ये बसले. "वाटेत ठाण्यापाशी थांबवा, ताई. जीप तिथं हाय." मी म्हणत राहिले, वेग जास्त असेल, ते वळणच वाईट आहे.

"हाव," ते म्हणाले. "असंल."

ठाण्याच्या आवारात जीप चाकांवर उभी होती, टप चेपलेला. मिस्त्री आडवे होऊन खाली शिरले. किल्लीने रंग खरवडल्याचा आवाज येऊ लागला. तापवलेल्या लोखंडावर निळसर डाग राहतो, तो ते शोधत होते. नळी त्या डागापासून लांब वाकली असती, तर ती उलटताना वाकली असं म्हणता आलं असतं.

खरवडणं थांबलं. मी वाकून पाहिलं. नळी बरोबर निळ्या डागावरच वाकून बसली होती.

"मिस्त्री, उलटताना आपटूनसुद्धा तिथेच वाकेल ती," मी म्हणाले.

एक शिपाई येऊन म्हणाला, "काका, निघा आता. साहेब येतेत."

खालून एक हात बाहेर आला. त्यांना उठायला आधार हवा असेल म्हणून मी तो धरला आणि ओढला. त्यांनी माझा हात घट्ट धरला, पण अंग सोडून दिलं होतं. ते बाहेर येईनात.