परबकाका आणि तापलेलं तेल

परबकाका ड्रायव्हरच्या नोकरीचं विचारायला आले तेव्हा खुर्चीवर बसलेच नाहीत. विक्रोळीच्या आमच्या गोदामात मी त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती, चहा मागवला होता, विचारायचे प्रश्न वहीत लिहून काढले होते. त्यांनी दारात चपला काढल्या आणि सरळ कोपऱ्यातल्या पिकअपकडे गेले. मला गाडी चालू करायला लावून त्यांनी बॉनेट उघडलं, आतून गिअरबॉक्सचं तेल तपासायची एक लांब पट्टी ओढून काढली, तिचं टोक खिशातल्या पांढऱ्याशुभ्र रुमालाला पुसलं आणि रुमाल नाकाशी धरून डोळे मिटले. अत्तराच्या दुकानात माणसं उभी राहतात तसे.

"हिला कुणीतरी ओझं लावून पळवलंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, आधी नाव तरी सांगा."

"वासुदेव परब. भटवाडी, घाटकोपर. गिअरबॉक्सचं तेल बदलून घ्या, मी उद्यापासून येतो."

मुलाखत त्यांनीच घेतली आणि मी तीत नापास झाले, कारण ओझं लावून पळवणारी मीच होते.

ओझं म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. माझा धंदा फिरत्या स्वच्छतागृहांचा. लग्नं, मैदानावरचे कार्यक्रम, शूटिंग, जिथे माणसं खूप आणि सोय कमी, तिथे आमचा ट्रेलर जातो. आत आरसे, बेसिन, सुगंधी साबण, पाण्याच्या दोन टाक्या. वरची स्वच्छ पाण्याची, खालची नको त्या पाण्याची. तो ओढायला मी जुहूच्या एका गृहस्थाकडून जुनी परदेशी पिकअप घेतली होती. त्यांनी ती आयुष्यभर फक्त जिमला जायला वापरली होती. गाडी ऑटोमॅटिक. ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून माझा गुडघा गेला होता, म्हणून मला ती फार आवडली. तिच्यामागे दीड-दोन टन लावल्यावर काय होतं याचा विचार मी केला नव्हता.

तो विचार परबकाकांनी केला. तीस वर्षं त्यांनी विक्रोळीतल्या एका कारखान्याची रुग्णवाहिका चालवली होती. "तीस वर्षं घाई केली बाय, आता पुरे," असं ते म्हणत आणि मागे ट्रेलर असला की खरोखरच बैलगाडीच्या बेताने गाडी हाकत. मला त्यांनी गिअरबॉक्स समजावला तोही तसाच सावकाश. "ह्यात तुझ्या जुन्या गाडीसारखा क्लच नाही. एकीकडून इंजिन तेलाला ढकलतं, दुसरीकडे ते तेल चाकांना ढकलतं. मागे ओझं असलं की ढकलाढकली वाढते. ढकलाढकलीत कोण तापतं?"

"तेल," मी म्हणायची.

"आणि तेल करपलं की?"

"गिअरबॉक्स गेला."

"आणि गिअरबॉक्स गेला की?"

हे विचारून ते ट्रेलरकडे बोट दाखवत. लग्नाच्या मांडवात तो ट्रेलर न पोचल्याचं चित्र मी माझं मीच डोळ्यांपुढे आणावं, असं त्यांना वाटे.

त्यांनी डॅशबोर्डवर तेलाचं तापमान दाखवणारा एक छोटा मीटर बसवून घेतला. पण त्यावर त्यांचा पुरता विश्वास नव्हता. "मीटर आत्ताचं सांगतो, वास झालेलं सगळं सांगतो," हे त्यांचं म्हणणं. म्हणून तो रुमाल. चांगलं तेल गुलाबी असतं, त्यामुळे परबकाकांच्या सगळ्या रुमालांवर गुलाबी ठिपके असत. मी एकदा भीतभीत विचारलं, घरी काकू काही म्हणत नाहीत का?

"म्हणते ना. रोज म्हणते. तिच्यासाठीच तर नेतो."

झालं होतं असं, की पहिल्यांदा रुमाल धुवायला घेताना काकूंनी तो नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "ह्या काय करपलाहा?" त्या दिवशी गाडी माझ्या हाती होती आणि मी खरोखरच पवईच्या चढावर जरा जोर केला होता. काकांना स्वतःला त्या वासात काही सापडलं नव्हतं. तेव्हापासून काका रुमाल डब्याच्या रिकाम्या कप्प्यात घालून घरी नेऊ लागले आणि दुसऱ्या दिवशी काकूंचा निकाल घेऊन येऊ लागले. "भाजलंय म्हणाली. करपलं नाही. अजून दोन महिने चालेल." चाळीस वर्षं माशाचं तिकलं करणाऱ्या बाईच्या नाकावर आमच्या गाडीची सर्व्हिसिंग चालत असे, आणि एकदाही चुकली नाही.

काकांची आणखी एक गंमत मला हळूहळू कळली. गाडी थंड असली की ते स्वच्छ मुंबईचं मराठी बोलत. मीटर शंभराच्या वर गेला की शब्द मालवणी व्हायला लागत. एकशेदहाला पूर्ण वाक्य मालवणी. त्याच्यापुढे मला 'बाय' न म्हणता 'मॅडम' म्हणत, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं. मी मीटरकडे बघणं सोडून दिलं होतं.

जुहूला एकदा आम्ही अशाच तापलेल्या अवस्थेत अडकलो. गाडी इंच-इंच सरकत होती, आणि त्यानेच तेल जास्त तापतं, कारण वारा लागत नाही. "मॅडम, बाजूक घेवक व्हयी," असं म्हणून काकांनी एका हॉटेलबाहेर गाडी उभी केली, गिअर न्यूट्रलला टाकला आणि इंजिन चालूच ठेवलं. इंजिन बंद केलं की तेल फिरवणारा पंपही बंद पडतो आणि गरम तेल जागच्या जागी शिजत बसतं, हा त्यांचा पहिला धडा. चकचकीत पांढरा ट्रेलर बघून पाच मिनिटांत गर्दी जमली. कुणीतरी म्हणालं, व्हॅनिटी व्हॅन आहे, आत हिरो आहे. लोक मोबाइल वर धरून उभे राहिले. परबकाका एव्हाना थांबलोच आहोत तर लादी पुसून घेऊ म्हणून आत गेले होते. दार उघडून ते मॉप घेऊन बाहेर आले तेव्हा जो जल्लोष उठला, तो त्यांना आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकायला मिळाला नाही. लोकांची निराशा झाली, पण थोडीच. चार-पाच जणांनी सेल्फी काढून घेतले. "विनोदी भूमिका करत असतील," असं एक बाई शेजारणीला म्हणाल्याचं मी कानांनी ऐकलं.

पण परबकाका मला खरे कळले ते कसाऱ्याच्या घाटात.

मुलुंडच्या साळवींच्या मुलीचं लग्न इगतपुरीच्या एका लॉनवर होतं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. तिथली ड्रेनेजची टाकी आदल्या दिवशी फुटली आणि साळवींचा फोन आला. पाचशे माणसं, आणि सोय शून्य. साळवी फोनवर रडायचेच बाकी होते. वर पाण्याचा भरवसा नाही असंही ते म्हणाले, म्हणून सकाळी मी स्वच्छ पाण्याची टाकी गच्च भरून घेतली.

"पाणी वर जाऊन भर," काका म्हणाले. "घाटात कोण पाणी ओढत नेतं?"

"वर मिळालं नाही तर?"

"आणि आपणच वर गेलो नाही तर?"

मी ऐकलं नाही. मला ऐकावंसं वाटलं नाही, हे जास्त खरं.

कसाऱ्यापर्यंत सगळं झकास. घाट लागला तसे काकांनी ओझं ओढायचं बटण दाबलं, म्हणजे गाडी सारखी वरखाली गिअर बदलत बसत नाही. मग एसी बंद केला. मी लग्नाला शोभेल म्हणून रेशमी साडी नेसले होते. पाच मिनिटांत ती अंगाला चिकटली. मीटर शंभर. "बाय, रव जरा," काका गाडीला म्हणाले की मला, कळलं नाही. एकशेदहा. एकशेअठरा. "मॅडम," काका म्हणाले, आणि पुढच्या वळणावरच्या रुंद मोकळ्या जागेत त्यांनी गाडी बाहेर काढली. चाकांना दगड लावले, न्यूट्रल, इंजिन चालू. घड्याळात सव्वादहा झाले होते.

काकांनी पट्टी काढली, रुमालाला पुसली, नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग माझ्याकडे बघितलं आणि मला पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला दिसला.

"माका सर्दी झालीहा," ते म्हणाले. "कायच कळना नाय."

मी हुंगलं. मला फक्त तेलाचा वास आला. तेल करपलं असेल तर पुढे जाण्यात अर्थ नव्हता; गिअरबॉक्स घाटातच बसला असता आणि साळवींच्या मुलीच्या लग्नाचं जे झालं असतं ते तिने जन्मभर सांगितलं असतं. फक्त गरम झालं असेल तर थांबून जाता आलं असतं. काकूंना फोन लावला, पण फोनवरून वास कसा पाठवायचा?

तेवढ्यात मुलुंडहून निघालेली नवरीकडची बस मागून आली आणि आमचा ट्रेलर ओळखून थांबली. सगळ्यात आधी नवरीचे मामा उतरले. "इंजिन बंद करा हो आधी, तापलंय ते," म्हणत त्यांनी हातातली पाण्याची बाटली इंजिनावर ओतायला उघडली. काकांनी ती शांतपणे त्यांच्या हातातून घेतली, पिऊन टाकली आणि रिकामी परत दिली. मामा बाटली घेऊन बसच्या सावलीला जाऊन उभे राहिले.

मग बायका उतरल्या. नऊवाऱ्या, पैठण्या, गजरे. काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा रुमालाकडे, आणि नवरीच्या आत्यासमोर जाऊन रुमाल पुढे केला. "वहिनी, जरा वास घेऊन सांगाल? करपलंय की नुसतं तापलंय?"

आत्याबाई क्षणभर गोंधळल्या. पण स्वयंपाकातला प्रश्न विचारल्यावर उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नसावं. त्यांनी हुंगलं. "दूध उतू जाऊन शेगडीवर पडतं तसा येतोय."

"द्या बघू इकडे," दुसरी म्हणाली. "नाही गं, दूध कसलं. फोडणीचं तेल जास्त तापलं की येतो, तो वास."

रुमाल हातोहात फिरला. घाटातल्या त्या वळणावर वीस-पंचवीस नटलेल्या बायका आळीपाळीने आमच्या गिअरबॉक्सचा वास घेत उभ्या होत्या आणि जाणारे ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. शेवटी एक म्हातारी आजी पुढे आल्या. त्यांनी रुमाल बराच वेळ नाकाशी धरला.

"खाली लागलेलं नाही," आजी म्हणाल्या. "आच मंद करा आणि झाकण ठेवू नका."

काकांनी वाकून त्यांना नमस्कार केला आणि बॉनेट सताड उघडं ठेवलं.

थांबायचंच होतं, तेव्हा बसमधल्या मंडळींनी ट्रेलरचा उपयोग सुरू केला. रांग लागली. मला बरंच वाटलं. म्हटलं, पाणी संपतंय, तेवढंच वजन कमी. काकांना तसं म्हणालेही.

"कमी कुठे?" ते म्हणाले. मीटर उतरत होता, भाषा शुद्ध होत होती. "वरच्या टाकीतलं खालच्या टाकीत गेलं. वर बसमधलं आलं ते वेगळं. बस हलकी झाली, आपण जड झालो."

मग मात्र मी हट्ट सोडला. वरच्या टाकीचा नळ उघडून उरलेलं स्वच्छ पाणी झाडांना सोडून दिलं. मामांनी आपणहून इगतपुरीतल्या ओळखीच्याला फोन केला आणि लॉनवर टँकर सांगितला. मीटर नव्वदच्या खाली आला तेव्हा अकरा वाजले होते. काकांनी खालचा गिअर धरला आणि गाडी वीस-पंचवीसच्या वेगाने चढायला लागली. मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवू नयेत म्हणून बस आमच्या पाठोपाठ, आम्हाला आडोसा देत आली.

लॉनच्या फाटकाशी बँडवाले नवऱ्या मुलाची वाट बघत उभे होते. त्यांना लांबून पांढरी चकचकीत गाडी आणि मागे पाहुण्यांची बस दिसली. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. आमचं फिरतं स्वच्छतागृह ढोल, ताशे आणि सनईच्या गजरात मांडवात शिरलं. साळवी हात जोडून सामोरे आले. परबकाकांनी काच खाली केली, दोन्ही बाजूंना मान लववून नमस्कार स्वीकारला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "कुठे लावू?"

त्या लग्नानंतर मी कुर्ल्याच्या गॅरेजात जाऊन गाडीला तेल थंड करणारा जादा कूलर बसवून घेतला. काकांनी तो पाहिला, ठीक आहे म्हणाले. पाणी भरताना मी त्यांना विचारू लागले.

गेल्या वर्षी काकूंचे गुडघे भटवाडीचे जिने चढेनासे झाले आणि दोघांनी देवगडजवळच्या गावी जाऊन राहायचं ठरवलं. काकांचा शेवटचा दिवस होता तेव्हा बोरिवलीला एका मैदानावर ट्रेलर पोचवायचा होता. "तू चालव," ते म्हणाले आणि शेजारच्या सीटवर बसले. विक्रोळी सोडली, पवईचा चढ लागला. मी काहीतरी बोलत होते आणि उत्तर येईना म्हणून बघितलं, तर परबकाका झोपलेले. चालत्या गाडीत झोपलेला माणूस मी पुष्कळदा पाहिलाय, पण रुग्णवाहिकेच्या त्या ड्रायव्हरला दुसऱ्याच्या हाती गाडी देऊन डोळे मिटताना कधीच पाहिलं नव्हतं.

चढावर गर्दी होती. मीटर शंभराच्या वर जायला लागला आणि बोरिवलीहून आयोजकांचे फोन यायला लागले. तिसरा फोन मी घेतला. "पंधरा मिनिटं उशीर होईल," मी सांगितलं. "कारण? कारण गाडी दमलीय." मग डाव्या हाताला जागा बघून गाडी बाजूला घेतली, न्यूट्रलला टाकली आणि इंजिन चालू ठेवलं.

गाडी थांबल्याने काकांनी एक डोळा उघडला. मीटर बघितला, गिअर बघितला, इंजिनाचा आवाज ऐकला. मला वाटलं, काहीतरी सांगतील. त्यांनी टोपी नाकावर ओढली आणि कूस बदलून ते पुन्हा झोपले.