भाऊजींच्या वाट्या

रविवार, दहा ऑगस्ट, सकाळचे अकरा. स्थळ: कर्वेनगरमधल्या ताईच्या सोसायटीचं पार्किंग, जिन्याखालच्या खोलीसमोर. हजर: माझी मोठी बहीण सुधाताई, तिचा मुलगा निखिल, सोसायटीचे सेक्रेटरी दामले, मी, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत गुडघ्यांवर पंचा घेऊन बसलेले ताईचे यजमान, आमचे भाऊजी. ऑफिसात बैठकांची टिपणं लिहून लिहून माझी आठवणसुद्धा आता अशीच चालते, आधी तारीख, मग हजेरी. त्या दिवशीचं काम एकच होतं आणि ते पूर्ण झालं. पुढचं काम पुढच्या रविवारी करायचं ठरलं. गुरुवारी दुपारी निखिलचा फोन आला. "मावशी, बाबा गेले..." एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" इतका निरर्थक प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नसेल.

भाऊजी हडपसरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. नव्वदनंतर काही वर्षांतच तो कारखाना बंद पडला. भाऊजींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, असं आम्ही नातेवाइकांत सांगायचो. ते स्वतः म्हणायचे, "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी." घरी बसल्यावर त्यांना दगडाचे गोटे करायचा नाद लागला. टेकडीवरून दगड आणायचा, त्याचे कोपरे उडवायचे आणि घासून घासून तो चेंडूसारखा गोल करायचा. आम्हाला वाटलं, चार महिन्यांत हौस फिटेल. पुढे कारखान्याची शेड पाडली आणि तिथे काचेच्या आयटी इमारतीसाठी खड्डा खणला गेला. भाऊजी तो बघायला गेले आणि येताना स्कूटरच्या पायरीवर, दोन पायांत धरून, एक काळा दगड घेऊन आले. त्याच्या पोटात जागोजागी पांढरे स्फटिक चमकत होते.

"लोक नोकरी सुटल्यावर घड्याळ आणतात," ताई म्हणाली.

"माझ्या लेथच्या खालचा आहे," भाऊजी म्हणाले. "इतकी वर्षं यावर उभा राहून काम केलं आणि खाली काय आहे ते माहीत नव्हतं." हा दगड अखंड गोल करायचा, एक टवका न उडू देता, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. पण हात लावला नाही. आधी दुसऱ्या दगडांवर हात बसवायचा, मग हा.

गोटा कसा होतो, हे मला त्यांनी तीनदा समजावलं, तेव्हा कुठे कळलं. दगड तीन वाट्यांच्या मध्ये धरायचा. प्रत्येक वाटीला आपली मोटर, मागून स्प्रिंगचा दाब, वरून पाण्याची धार. तिन्ही वाट्या फिरल्या की मधला दगड सगळ्या बाजूंनी गडगडत राहतो आणि आपोआप गोल होत जातो. दगड कापतो तो वाटीच्या काठावरचा हिरा. बाजारात मिळायच्या त्या वाट्या सपाट घासायच्या, गोट्याला काठ आतून उतरता लागतो. म्हणून भाऊजी घरीच बनवायचे. त्या काळात आमच्या भागात इमारतींमागून इमारती उठत होत्या, प्रत्येक घरात ग्रॅनाइटचा ओटा बसत होता. ओटे कापून झिजलेली हिऱ्याची पाती कारागीर फेकून द्यायचे. भाऊजी पिशवी घेऊन साइटवर जायचे, ती पाती मागून आणायचे, त्यांच्या कडेचे हिरे बसवलेले तुकडे कापायचे आणि वाटी म्हणून घेतलेल्या लोखंडी नळाच्या जोडाच्या काठावर वितळवलेल्या चांदीच्या झाळेने एकेक डकवायचे. पहिल्या खेपेला पितळेची झाळ वापरली, आच जास्त लागली आणि हिरे मेले. ती वाटी दगड कापेना, नुसती चमकवत राहिली. "शाळेतल्या इन्स्पेक्टरसारखी," ते म्हणाले, "फिरते खूप, होत काही नाही."

नवी वाटी लगेच कापत नाही. तिच्यातले हिरे धातूत बुडालेले असतात. विटेवर घासून वरचा धातू उतरवला की टोकं बाहेर येतात. याला ते वाटी उघडणं म्हणायचे. न उघडलेली वाटी मुकी. आणि इथेच त्यांची एक पद्धत होती. दगडाचं सगळं काम पाण्याखाली, धुळीचा कण उडू द्यायचा नाही, त्यावर ते आम्हाला व्याख्यान द्यायचे. पण वाटी उघडायची ती मात्र कोरडी. कारण ती उघडली की विटेवरचा आवाज बदलतो आणि पाण्यात तो ऐकू येत नाही. आवाज मोठा व्हायचा. दामल्यांनी फलकावर सूचना लावली: 'पार्किंग वाहनांसाठी आहे. दगडांसाठी डोंगर आहेत.' तेव्हापासून भाऊजी जिन्याखालच्या खोलीत जाऊन दार लावून घेऊ लागले. नाकाला रुमाल, बंद खोली, फिरणाऱ्या वाटीवर दाबलेली वीट... आणि दाराबाहेर एक कणसुद्धा नाही.

गेल्या वर्षी काळा दगड यंत्रावर चढला. बराच गोल झाला आणि एका स्फटिकाच्या खळग्यापाशी केसाएवढी रेघ दिसली. वाट्या तोवर झिजल्या होत्या. बोथट वाटी कापत नाही, दाबते, आणि दाबलं की त्या रेघेवरून दगड फुटणार. तिन्ही वाट्या नव्या हव्यात, तिन्ही सारख्या उघडलेल्या हव्यात. भाऊजींनी तीन वाट्या झाळून तयार केल्या. त्याच सुमारास खोकला जिना चढू देईना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, की फुप्फुसात बारीक धूळ बसली आहे, ती आता निघायची नाही, निदान आणखी जाऊ देऊ नका.

घरी येताच ताईने जिन्याखालच्या खोलीचा फ्यूज काढला आणि मसाल्याच्या डब्यात हळदीशेजारी ठेवला.

"सुधा, तीनच वाट्या उघडायच्या राहिल्यात."

"श्वास किती राहिलेत ते मोजलेत?"

"दगड अर्ध्यावर आहे गं."

"अहो, मीही अर्ध्यावरच आहे."

त्यानंतर भाऊजी कशावरच फारसं बोलेनात. खाली जाऊन बंद यंत्राशेजारी बसायचे. ताई गॅलरीतून बघायची, मी फोनवरून विचारायची, आणि घरात असा ताण की कुकरची शिट्टी झाली तरी सगळे दचकायचे. निखिलने एकदा मधे पडून पाहिलं. "आई, थोडं practical हो ना. मास्क आणतो चांगला." ताई म्हणाली, "आण. मग मास्क लावून तूच वडिलांना खांदा दे." तो पुन्हा मधे पडला नाही.

जुलैत एका रविवारी ताईचा फोन आला. "मंजू, जुनी साडी नेसून ये." गेले तर ती पार्किंगमध्ये घमेलं घेऊन बसलेली. घमेल्यात पाणी, पाण्यात विटेचा मोठा तुकडा, आणि लिंबू पिळावं तशी ती एक वाटी त्या विटेवर उपडी धरून हाताने फिरवत होती. मोटर नाही, धूळ नाही. भाऊजी खुर्चीत, मान एका बाजूला कललेली.

"काही ऐकू येत नाहीये," ते म्हणाले.

"मग अंगठा लावून बघा."

"मला कानाने कळतं. अंगठ्याने नाही."

"शिका. मी या वयात वीट घासायला शिकले."

तासाभराने ताईने वाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला, डोळे मिटून पुन्हा फिरवला. "अजून ताटाची कड आहे. मांजराची जीभ व्हायला हवी." आम्ही आळीपाळीने बसलो. शेवटी त्यांनी मान हलवली. पण त्यांचा स्वतःच्या अंगठ्यावर विश्वास नव्हता. ताई वर गेली, हळद पुसत पुसत फ्यूज घेऊन आली. निखिलने वाटी चढवून एका टाकाऊ दगडावर पाण्याखाली चालवली. दगड लोण्यासारखा कापला गेला. भाऊजी अंगठ्याकडे बघत राहिले... नंतर म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं ओलीच उघडता आली असती." ताईने पंचा उचलून त्यांचे पाय पुसले.

दहा ऑगस्टला दुसरी वाटी होती. दामले खाली आले आणि घमेल्याजवळ उभे राहिले.

"हे पाणी सोसायटीचं की आपलं?"

"आमच्या नळाचं," ताई म्हणाली. "उभेच आहात तर पाइप धरा."

दामल्यांनी खरंच पाइप धरला, शेवटपर्यंत. भाऊजींना त्या दिवशी दोन शब्दांच्या मधे थांबावं लागत होतं. दुसरी वाटी उघडल्यावर ते म्हणाले, "आता एक... मग लावू दगड." त्यांनी अंगठा तिच्यावरून उचलला नाही, ताईलाच वाटी हळूच काढून घ्यावी लागली.

तेराव्यानंतर निखिलने फोनवर काहीतरी शोधून काढलं. "आई, ready मिळतात आता अशा. Order करू?"

"कर की. तुझ्या गोट्याला लाव."

मला कामं अर्धवट ठेवता येत नाहीत. बँक, पेन्शन, दवाखान्याचे कागद, सगळं मी पार पाडलं. मग एका रविवारी जुनी साडी नेसून गेले. आम्ही दोघींनी तिसरी वाटी दुपारपर्यंत घासली. मी अंगठा लावला. ताईने लावला. मला वाटलं, उघडली. ताईला वाटलं, नाही. मी म्हटलं, टाकाऊ दगडावर चालवून बघू. निखिलने चालवली. कापला, पण पहिल्या दोन वाट्यांइतका की त्याहून कमी, ते आम्हा तिघांपैकी कोणालाही सांगता येईना.

"अंदाजाने लावायची?" ताईने विचारलं. "आणि त्या रेघेवरून फुटला तर?"

तिने वाटी पुसून यंत्रावर ठेवली, दगडावर ओलं फडकं टाकलं आणि फ्यूज काढला.

आता रोज सकाळी ती खाली जाते, वीट पाण्यात घालते. चहा झाला की वाटी घेऊन थोडा वेळ फिरवते, अंगठा लावून बघते. दामले येताजाता विचारतात, "झाली का?" ती नाही म्हणते आणि वीट काढून कोरडी करायला ठेवते. तिसरी वाटी अजून उघडायची आहे.