बंद पाठीचा फोन

माझा मामा किल्ल्या बनवतो. त्याचं दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने पायरीवरच बोलावं. भिंतीभर कोऱ्या किल्ल्या, एक घासायचं यंत्र आणि पकडीत आवळलेलं कुणाचं तरी कुलूप. चाळीस वर्षांत त्याने एकही कुलूप तोडलेलं नाही. "तोडायला अक्कल कशाला लागते? चोराला विचार," म्हणतो.

त्याची एक पद्धत होती. किल्ली केली की तिच्या प्रत्येक दात्याचं माप तो वहीत लिहून ठेवायचा. किल्ली हरवली तर गिऱ्हाइकाने नुसतं यावं आणि दहा मिनिटांत नवी घेऊन जावं. ती वही दिवसा पोटाशी आणि रात्री उशाशी. मामीलाही तिचं पान कधी दिसलं नाही. "सवतीला आंघोळ घालायची तेवढी राहिलीय," मामी म्हणायची.

या संसारात फोन आणला तो मी. कबूल करून टाकतो, नाहीतर मामी सांगेलच.

एका कंपनीचा पहिलावहिला फोन होता तो. मामाचा नियम खरं तर पक्का होता, नव्या कुलपाची पहिली खेप घ्यायची नाही. "तिची परीक्षा कारखान्यात होत नाही रे, गिऱ्हाइकाच्या दारात होते." पण हा फोन अंगठ्याने उघडत होता. दुकानात मामाने स्वतःचा अंगठा टेकवला, उघडला. माझा टेकवला, नाही. विक्रेत्याचाही नाही. मामाने परत स्वतःचा टेकवला. जन्मभर दुसऱ्यांची कुलपं जोखलेला माणूस एका कुलपाच्या प्रेमात पडला आणि तीन महिन्यांची कमाई काउंटरवर ठेवून बाहेर आला. फोनची पाठ आम्ही कुणी पाहिलीच नाही. तिला फट नाही, स्क्रू नाही, बॅटरी आत चिकटवून टाकलेली. पाहिली असती तरी मी म्हणालो असतो, "मामा, आत पाणी जात नाही!" शिकलेल्या भाच्याचा हा उपयोग.

तीन आठवडे रोज रात्री बसून त्याने सगळी मापं फोनमध्ये उतरवली आणि वही जाळून टाकली. कागद कुणालाही वाचता येतो, अंगठा मात्र आपलाच, असा त्याचा हिशोब. अशी चूक किल्लीवालाच करू जाणे.

वॉरंटी वर्षाची होती आणि फोन शहाणा, वर्ष नीट काढलं. मग चाळीस टक्क्यांवर मान टाकू लागला. मग चार्जर काढला की डोळे मिटायचा. आणि एका सकाळी चार्जर लावूनही जागा होईना. अर्ध्या गावाची दारं त्या काळ्या काचेमागे.

आम्ही कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेलो. टोकन, गार हवा, मऊ खुर्च्या. काउंटरवरचा माणूस अतिशय नम्र.

"या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, काका. फोन जमा करा. मुख्य कार्यालयात जाईल. नव्या मॉडेलवर तुम्हाला सूट देऊ."

"आणि आतलं?"

"ते बहुतेक जाईल. आमच्या तज्ज्ञांना काढता आलं, तर ते काढतील."

"कोण तज्ज्ञ? नाव काय त्यांचं?"

"नाव असं सांगता येत नाही."

मामाने मान हलवली. "लोक मला घराची किल्ली देतात, कारण मी त्यांच्या समोर बसून ती घासतो. आणि मी सगळ्यांच्या किल्ल्या बिननावाच्या माणसाकडे पाठवू?"

"सगळे देतात, काका."

मामाने चष्मा वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. "पाण्याच्या टाकीमागे राहता ना? हिरवं दार? गेल्या वर्षी तुमच्या मिसेस येऊन दोन किल्ल्या करून घेऊन गेल्या. तुमचंही माप यातच आहे, साहेब. करू जमा?"

त्या माणसाने फोन हळूच आमच्याकडे सरकवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही उघडलात तर कंपनीची जबाबदारी नाही हं."

"आत्ता तरी कुठे घेताय?" मामा म्हणाला.

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑपरेशन मांडलं. बॅटरीला टोचलं तर पेट घेते, असं मी वाचलं होतं. ते मी दर पाच मिनिटांनी मोठ्याने सांगत होतो. मामीने वाळूची बादली आणून माझ्याच पायाशी ठेवली. "आधी याच्यावर ओता."

मामाने गरम पाण्याच्या पिशवीवर फोन ठेवला. डिंक सैल होईपर्यंत थांबला. मग जुन्या एक्स-रेची कापलेली पट्टी काढली. आपोआप लागलेली दारं तो याच पट्टीने उघडतो. कोपऱ्यातून ती आत घातली आणि डोळे मिटून सरकवत राहिला. दोन तास. घाई नाही, जोर नाही. अखेर पाठ सुटली. आत बॅटरी उशीसारखी फुगलेली. अजून महिनाभर ठेवली असती तर तिनेच दार उघडलं असतं.

शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने त्याच ताकदीची दुसऱ्या फोनची बॅटरी जोडून दिली. ती आत मावेना, म्हणून पाठीवर चिकटपट्टीने बांधली. बटण दाबलं. उजेड आला. मामाने अंगठा पुढे केला, तर फोन म्हणतो, आधी आकडा सांगा.

"बघ," मामा म्हणाला, "यालासुद्धा नुसत्या अंगठ्यावर भरवसा नाही."

फोन घेताना ठरवलेला आकडा त्याला पाठ होता. पुढचे चार दिवस दुकान अर्धं लावून त्याने सगळी मापं नव्या वहीत उतरवली. मामीने जेवण वाढताना एवढंच विचारलं, "आली का परत?"

महिन्याभराने कंपनीने पुढचं मॉडेल काढलं आणि जुना आणा, नवा न्या, असा निरोप पाठवला. मामा मला घेऊन त्या फोनच्या दुकानात गेलाच. पाठीवर बॅटरी बांधलेला आपला फोन त्याने काउंटरवर ठेवला, नवा उचलला, पालथा केला आणि कडेने नख फिरवलं.

"हा उघडतो कुठून?"

विक्रेता हसला. "उघडायची गरजच नाही, काका."

"मग विकता कशाला? भाड्याने द्या."

"तुमच्या या फोनचे आम्ही चांगले पैसे देतोय."

"हा विकायचा नाही. हा माझा आहे. मी आत जाऊन पाहून आलोय." त्याने आपला कुबडा फोन खिशात कोंबला.

आमच्या मागे एक बाई नव्या फोनचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी डबा काउंटरवर ठेवला, फोन बाहेर काढला आणि त्याची पाठ विक्रेत्यासमोर धरली.

"खरंच कुठूनच उघडत नाही?"