शिगेनोबाईंच्या रेंगाळलेल्या बाहुल्या

कुराशिकीत आमच्या शेजारी शिगेनोबाईंचं मिसोचं, म्हणजे महिनोन्‌महिने मुरवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, दुकान होतं. नवरा लवकर गेला. घरात त्या आणि पोस्टात नोकरी करणारी एकुलती मुलगी मित्सुए. मित्सुएच्या पहिल्या बाहुल्यांच्या सणाला शिगेनोबाईंच्या माहेरून राजा-राणीच्या बाहुल्यांची जोडी आली होती. तीन पिढ्यांची जुनी. राणीचा शिंपल्याच्या भुकटीने माखलेला चेहरा आता सायीसारखा पिवळसर झाला होता.

सण तीन मार्चला. दुसऱ्या दिवशी बाहुल्या पेटीत जायलाच हव्यात. त्या रेंगाळल्या की मुलीचं लग्न रेंगाळतं, असं आमच्याकडे मानतात. शिगेनोबाईंच्या बाहुल्या मात्र एप्रिल उजाडला तरी मांडलेल्याच.

"हवा दमट आहे हो. आत्ता गुंडाळल्या तर बुरशी धरेल."

"तुमच्याच घरात बरी दमट असते!" समोरची तांदूळवाली ओतोयो म्हणायची. "पोरीलाही मिसोसारखी मुरवत ठेवणार वाटतं?"

शिगेनोबाई हसून वेळ मारून नेत. मला एकदा म्हणाल्या, "संध्याकाळी तिच्या सायकलची घंटा वाजली ना, की मगच मला भूक लागते."

मित्सुएला तिसावं सरलं. त्या वर्षी चार मार्चला मी त्यांचं भांडं परत द्यायला गेले, तर ती रजा काढून घरीच. बाहेर खरोखरच पाऊस.

"आई, आज बाहुल्या ठेवू या."

"अगं, पाऊस बघ की!"

"शेजारच्या खोलीत शेगडी पेटवते. दुपारपर्यंत होईल कोरडं."

शिगेनोबाईंनी लेकीकडे नीट निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "मुलगा कुठला आहे?"

"हाकोदातेचा. बोटीवर असतो."

"इतक्या लांबचा! जवळपास कुणी मिळालं नाही?"

"तू मिळू दिलंस कुठे?"

"म्हणजे तुला कळत होतं?"

"कधीपासून! पण तेव्हा मलाही जायचं नव्हतं गं."

शेगडी शिगेनोबाईंनी स्वतःच पेटवली.

दुपारी आम्ही तिघी बसलो. मित्सुए म्हणाली, "जोडी इथेच राहू दे, तुला सोबत."

"छे! तुझी दुखणीखुपणी त्यांनी अंगावर घेतलीत. तू जाशील तिथे त्या."

मग त्यांनी राणी मांडीवर घेतली. मऊ कागद तिच्या चेहऱ्यापर्यंत आणला आणि हात थांबला.

"जरा वेळ," त्या म्हणाल्या. "अजून उजेड आहे."

आम्ही तशाच बसून राहिलो.