फणसाच्या लाकडाचं दार

रत्नागिरीच्या इतिहासात नोंद व्हावी अशी गंभीर घटना सांगतो: भाट्यापलीकडच्या एका ओस घराचं फणसाचं दार मी विकत घ्यायला गेलो होतो. मुंबईकर मालकाचा फोनवर होकार होता.

उंबऱ्यावर मात्र एक म्हातारा सातबारा आपल्याच नावावर असल्यासारखा सुपारी कातरत बसलेला. अडकित्त्याने कोपरे दाखवत म्हणाला, "हितं काका खाकरत बसायचे. थितं काकी पेज वाढायची, काय एक न विचारता." ओस घरात इतकी वर्दळ मी प्रथमच पाहिली.

"तुम्ही घरचेच का?"

"छे! मी वरच्या वाडीतला."

मी बिजागरीला हात घातला, तसा तो ताडकन उठला.

"हा दार नेलात, तर बायकोवर रुसून आल्यावर मी आपटायचा काय?"