पाणी न घातलेली बाटली

स्कॉच व्हिस्कीतलं मला कळतं असं म्हटलं की आमच्या नात्यातल्या बायका तोंडाला पदर लावतात. लावोत बापड्या. आयुष्यात मी एकच बाटली पारखली, पण अशी पारखली की भिलाईत तेव्हा दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं. हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

बाटली आमच्या ह्यांची. लग्नाआधी हे शिकायला वर्षभर स्कॉटलंडला होते. तिथल्या घरमालकिणीचा भाऊ दारूच्या कारखान्यात कामाला होता. निघताना त्यानं लाकडी पिंपातून थेट काढून एक बाटली भरून दिली. तिच्यावर ना नाव, ना चित्र, नुसती बुचावर लाख. दुकानातली व्हिस्की आधीच पाणी घालून सौम्य केलेली असते, हिच्यात मात्र थेंबभरही पाणी नाही, असं हे येईल त्याला ऐकवायचे. शेवटी पालुपद ठरलेलं, "असा वास हिंदुस्थानात कुठंच नाही भेटायचा."

आम्ही भिलाईत आलो तेव्हा तिथला पोलादाचा कारखाना उभा राहायचा होता. मुरमाचे लाल रस्ते, कारखान्याच्या अर्ध्या बांधलेल्या चिमण्या आणि सेक्टरमधलं आमचं क्वार्टर, दाराचा रंगही न वाळलेला. बाटली गेली कपाटात, माझ्या शालूमागे. पहिलं लोखंड निघालं की उघडू, असं ठरलं. लोखंड निघालं, तर म्हणाले पोलाद निघू दे. पोलाद निघालं, तर म्हणाले रोलिंग मिल चालू होऊ दे. जपून जपून पेढ्यांना बुरशी आणणारी माणसं असतात, त्यातले हे.

ह्यांचं काम कोक ओव्हनच्या लॅबमध्ये. तिथे दगडी कोळसा भाजतात आणि त्याच्या वाफेतून डांबर आणि आणखी काय काय काढतात. अशा ठिकाणी केमिस्टला नाक लागतं, आणि ह्यांच्या नाकाचा मोठा दरारा होता. कुठल्या पाइपातून काय गळतंय ते हे दारातूनच सांगायचे. रशियन साहेबसुद्धा मान डोलवायचे म्हणे. घरी मात्र कपड्यांना असा दर्प यायचा की शर्ट दाराबाहेरच्या खुंटीवर टांगायचा, आत आणायचा नाही, हा माझा कायदा होता. सकाळी मी तो सोड्यात उकळायची.

मग एकदा दूध उतू जाऊन करपलं. मी मागच्या अंगणातून धावत आले, तर हे शेगडीपासून हातभर अंतरावर निवांत पेपर वाचत बसलेले. "सर्दी झाली," म्हणाले. पावसाळा संपला, दिवाळी गेली, तरी ती सर्दी काही हटेना. शेवटी मी स्पष्टच विचारलं. आधी चिडले, मग हळूच म्हणाले, "मले कशाचाच वास येऊन नाही राहिला. पण तो येईल. बाटली उघडली की येईल, तू पाहजो."

ह्या माणसानं आपलं नाकच त्या बाटलीवर पणाला लावलं होतं. आणि नाही आला वास, तर?

थंडीतला एक रविवार ठरला. पाहुणा एकच, शेजारचे हिशेब खात्यातले नागपूरकर. मी त्यांना भाऊजी म्हणायची. ह्यांच्या नाकाचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ते सायकलला डबा लटकावून व्हिस्कीत घालायला जवळच्या रुआबांधा गावच्या विहिरीचं पाणी घेऊन आले. "वहिनी, एवढा थाट तं माझ्या लग्नातही नव्हता," म्हणाले.

ह्यांनी लाख फोडली. बाटली उजेडात धरून हलवली, तर वरचे बुडबुडे लवकर विरेनात. "पाहा, दम आहे तिच्यात." दोन पेल्यांत बोटभर ओतली, रंग तणशीसारखा पिवळा. मग पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ह्यांनी पेला हलवून पुन्हा हुंगला. एक घोट घेतला, खोकले. चमचाभर पाणी घातलं, हुंगलं. पुन्हा पाणी, पुन्हा हुंगणं.

"काय म्हणते मंग तुमची स्कॉटलंडवाली?" भाऊजींनी विचारलं.

"गोड आहे," हे म्हणाले. "जळजळते." आणि पेला खाली ठेवला. त्यांच्या तोंडाकडे मला पाहवेना.

मला राग आला, बहुतेक त्या बाटलीचाच. मी सरळ पुढे झाले आणि पेला उचलला. भाऊजी तोंडाचा आ करून पाहत राहिले.

"तोंड थोडं उघडं ठेव," हे एकदम म्हणाले, "नाही तं नाक पोळेल. घाई नको करू."

पहिल्यांदा नुसतीच झणझण. मग ह्यांनी अजून चमचाभर पाणी घातलं आणि एकेक उलगडायला लागलं. "काकवी," मी म्हटलं. "वाळत घातलेला धान. अन् आमच्या माहेरच्या अंगणात मोहफुलं पसरलेली असतात, तसं काहीतरी."

हे पुढे सरकले. "धूर?"

"आहे. ओल्या लाकडाचा."

"त्याच्या मागं?"

"दवाखाना."

"अन् त्याच्याही मागं?"

त्याच्याही मागे काहीतरी होतं, अगदी घरातलं, पण नाव सापडेना. मी जिभेवर एक थेंब ठेवला. जीभ चरचरली, आणि घशातून वर नाकात तेच आलं. तशीच दाराबाहेर गेले, खुंटीवरचा आदल्या दिवसाचा, गडबडीत उकळायचा राहिलेला शर्ट काढला आणि पहिल्यांदाच मुद्दाम नाकाला लावला. आत येऊन पुन्हा पेला हुंगला. आता शंकाच नव्हती.

"तुमच्या शर्टाचा वास येऊन राहिला हिले."

भाऊजी खो खो हसले. हे हसले नाहीत. "बरोबर आहे," म्हणाले. "तिथं एक प्रकारची माती जाळून तिच्या धुरावर जव वाळवतात. त्या धुरात फिनॉल असते. आमच्या डांबरातही तेच." केमिस्टच ते, कारण लगेच सापडलं. मग माझ्या हातातून शर्ट घेऊन त्यांनी तोंडावर दाबून धरला. त्यांचे खांदे हलायला लागले, तसे भाऊजी आपला डबा उचलून बाहेर गेले.

"रोज येते?" शर्टातूनच विचारलं.

"रोज. इथं आलो तेव्हापासून. मी उकळून उकळून काढत असते."

सोमवारी त्यांनी साहेबांना स्वतःच जाऊन सांगितलं की आता माझ्या नाकावर विसंबू नका. ती बाटली पुढे आम्ही दोघांनी मिळून संपवली, म्हणजे प्यायले हे आणि हुंगली मी. शर्ट उकळायचं काही मी सोडलं नाही. पण त्याआधी रोज तो नाकाशी धरून आतल्या खोलीत ओरडून सांगायची, आज धूर जास्त आहे, आज नुसता दवाखाना. हे चहाचा कप हातात घेऊन, डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून सांग."